शेवटचा आला की लगेच निघायचं नसतं

सायकलवाल्याला विचारा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात सॅन डिएगोच्या पीक्यू, म्हणजे पेन्यास्कितोस, कॅन्यनमधल्या (कॅन्यन म्हणजे दरी) आमच्या शनिवारच्या राइडबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच पडला. बरीचशी तिकडचीच, मिरा मेसा, कार्मेल व्हॅलीतली आपली मंडळी, काही पुण्याची, त्यात एक पत्र एका काकूंचं, त्यांना सायकलशी काही देणंघेणं नाहीये, त्यांचा मुलगा तिकडे आहे. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. आणि ज्यांनी फक्त "कुठली सायकल घेऊ" एवढंच विचारलंय त्यांनी राग मानू नका, पण त्यावर वर्षभर बोलून माझं तोंड दुखलंय.

प्रश्न : ऑफिसातले सात-आठ जण दर शनिवारी पेन्यास्कितोस कॅन्यनमध्ये माउंटन बाइक घेऊन जातात, मला पण ये म्हणतायत. मी शेवटची सायकल सांगलीत बारावीला चालवली, तीही ॲटलस, मागे कॅरिअरला दप्तर. आता वय ३९, पोट सुटलंय. सेकंडहँड सायकल घेऊन ठेवलीय. जाऊ का?
– बारावीनंतर थेट कॅन्यन, मिरा मेसा

उत्तर : जा की! कॅन्यन म्हणलं की लोकांच्या डोळ्यासमोर ग्रँड कॅन्यन येतं आणि तिथेच पाय गळतात. पेन्यास्कितोसचा स्पॅनिशमधला अर्थच मुळी छोटे कडे, आणि ते खरंच छोटे आहेत. खाली ओढा, दोन्हीकडे टेकड्या, टेकड्यांच्या डोक्यावर घरं, आणि ओढ्याच्या कडेकडेने ओक आणि सिकॅमोरच्या सावलीतून मातीचा रुंद रस्ता. या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा-सात मैल. साधारण मध्यावर धबधबा. ठोसेघर समजून जाऊ नका, जुन्या ज्वालामुखीच्या दगडांमधून पाणी खळाळत येतं, उन्हाळ्यात तर नुसतं झिरपतं, पण सायकली वर ठेवून, दगडांवरून खाली उतरून तिथे डबा उघडून बसायला भारी वाटतं. आणि ही सगळी जमीन १८२३ मध्ये कॅप्टन फ्रान्सिस्को मारिया रुईझ नावाच्या माणसाला मेक्सिकन सरकारकडून इनाम मिळाली होती, म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडून जेमतेम ५ वर्षं झालेली. हे आपलं उगाच, धबधब्यावर गप्पांना विषय म्हणून.

एक युक्ती सांगतो. ओढा पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने वाहतो, म्हणजे कॅन्यनचा उतार पण तिकडेच. पूर्वेकडून, ब्लॅक माउंटन रोडकडून सुरू केलंत तर जाताना पाय आपोआप फिरतात, वाटतं अरे आपल्याला तर जमतंय, आणि परत येताना तोच उतार चढ होऊन समोर उभा राहतो आणि तेव्हा ऊन पण चढलेलं असतं. पहिल्यांदा जाताय तर पश्चिमेकडून, सोरेंटो व्हॅलीच्या बाजूने सुरू करू असं ग्रुपला सांगा. आधी चढ, मग उतार. कुणी नाही म्हणणार नाही.

आता हे मात्र नीट वाचा, कारण तुमच्या ऑफिसातला कोणी हे सांगणार नाही, त्याच्या डोक्यातच येणार नाही. आपल्याकडच्या सायकलला उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो आणि डाव्याला मागचा. अमेरिकेत उलटं. डावा हात पुढचा ब्रेक! मी इथे आल्यावर तिसऱ्याच राइडला ओढा ओलांडत होतो, पाण्यात नारळाएवढा गोटा दिसला, घाबरून डावा ब्रेक करकचून दाबला कारण वीस वर्षांची सवय, डावा म्हणजे मागचा, सेफ. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, मागचं आकाशात गेलं, आणि मी हँडलवरून सरळ ओढ्यात पालथा. पाणी घोटाभर होतं म्हणून हसू झालं. मागून येणाऱ्या एका आजोबांनी, सत्तरीचे असतील, थांबून विचारलं की कुठल्या देशातून आलास, मी म्हणलं इंडिया, ते म्हणाले वाटलंच.

त्यामुळे शनिवारच्या आधी दोन संध्याकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये फक्त ब्रेकची प्रॅक्टिस करा. एका बोटाने, हळू, आधी उजवा मग डावा, मग दोन्ही. हातांना नवीन गाव कळायला वेळ लागतो. पुढच्या ब्रेकला घाबरून तो वापरायचाच नाही असंही करू नका, सायकल खरी थांबवतो तोच, फक्त वजन मागे घेऊन आणि हळूहळू दाबायचा. बाकी आपल्या हातात डिस्क ब्रेक आहेत हे नशीब समजा. हा खेळ जिथे सुरू झाला त्या मॅरिन काउंटीत, सॅन फ्रान्सिस्कोच्या पलीकडे, १९७६ साली गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून रेस लावायची. त्या सायकलींना ब्रेक हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या आत, पेडल उलटं दाबून लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतकं तापायचं की आतलं ग्रीस जळून धूर यायचा आणि दर वेळी नवीन ग्रीस भरावं लागायचं, म्हणून त्या रेसचं नावच पडलं रिपॅक.

बाकी थोडक्यात. खडबडीत जागी बूड सीटवरून उचला, दोन्ही पेडल एका लेव्हलला ठेवा, गुडघे कोपरं सैल. नजर लांब ठेवा, दगडाकडे बघत राहिलात की सायकल दगडावरच जाते, का ते मला विचारू नका पण जाते. टायरमध्ये हवा रस्त्यावरच्या सायकलसारखी टणक भरू नका, माझं वजन ७२ किलो, माझे टायर ट्यूबलेस, पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). तुमच्यात ट्यूब असेल तर थोडी जास्त, नाहीतर दगडावर आपटून ट्यूबला दोन भोकं शेजारी शेजारी पडतात, साप चावल्यासारखी. पाणी दोन लिटर, वाटेत नळ नाहीये. हेल्मेट कॅलिफोर्नियात कायद्याने फक्त १८ च्या खालच्यांना सक्तीचं आहे, पण हेल्मेट नसेल तर कुठलाही शहाणा ग्रुप तुम्हाला घेणार नाही, आणि घेतला तर त्या ग्रुपमध्ये जाऊ नका.

प्रश्न : मी मूळचा चिपळूणचा, चिखलात खेळूनच मोठा झालो. पाऊस पडला की हे लोक कॅन्यनला कुलूप लावतात, चार थेंबांना एवढं घाबरतात की हसू येतं. गुपचूप गेलं तर काय होतंय?
– कोकण्या, कार्मेल व्हॅली

उत्तर : तुम्हाला काहीच होत नाही, ट्रेलला, म्हणजे त्या मातीच्या वाटेला होतं. तुमच्या कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, सॅन डिएगोत जेमतेम २५०. इथली माती चिकणी आहे, ओली असताना टायर गेला की खोल चर पडते, आणि मग पुढचे सहा महिने थेंब पडत नाही, त्यामुळे ती चर उन्हात भाजून विटेसारखी कडक होते आणि जुलैमध्ये कुणाचं तरी पुढचं चाक तिच्यात अडकतं. चिपळूणला दुसऱ्या दिवशी दुसरा पाऊस येऊन सगळं सारखं करतो, इथे तो येत नाही. ट्रेल बंदचा बोर्ड निघेपर्यंत थांबा. शिवाय ती माती चाकाला अशी बसते की चाक फिरायचंच थांबतं, मग सायकल खांद्यावर. (हो, मला माहितीय. नका विचारू कसं.)

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये नऊ जण. राइडला नो ड्रॉप म्हणतात, म्हणजे कुणालाही मागे टाकायचं नाही असा नियम. टाकत नाहीतच तसे. पण होतं असं की सगळे पुढे जाऊन सावलीत थांबतात, पाणी पितात, फोटो काढतात, आणि मी धापा टाकत पोचले रे पोचले की "चला, आले सगळे, निघूया". दर वेळी. मागच्या शनिवारी मी पाण्याची बाटली काढली आणि झाकण उघडेपर्यंत समोर कुणीच नव्हतं. मी ४६ ची आहे, फार स्लो नाहीये, पण शेवटची आहे. सोडून देऊ का?
– बाटली हातातच, पोवे

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा खजील झालो, कारण झाकण उघडेपर्यंत निघून जाणारा माणूस मी होतो. बरीच वर्षं. आमच्यात एक जण असेच शेवटी यायचे, शांत माणूस, कधी तक्रार नाही, मग हळूहळू यायचे बंद झाले, आम्ही म्हणलं बिझी असतील. सहा महिन्यांनी एका बारशाला भेटले, सहज म्हणाले, "तुमच्याबरोबर मला विश्रांतीच मिळायची नाही हो." मला आधी कळेचना, आम्ही तर दर दहा मिनिटाला थांबायचो! घरी जाताना गाडीत डोक्यात प्रकाश पडला.

हिशोब बघा ना. चार ठिकाणी थांबलो, प्रत्येक ठिकाणी पुढच्यांना सात-आठ मिनिटं मिळाली, म्हणजे अर्धा तास आराम. शेवटच्याला शून्य. ज्याला सगळ्यात जास्त गरज त्याला शून्य, आणि वर तोच आपल्याला सॉरी म्हणतो. आणि पुढच्या चढाला तो अजूनच मागे पडतो कारण दम घेतलेलाच नाही, आणि पुढच्यांना वाटतं बघा, याचा स्टॅमिनाच नाही.

आमच्याकडे आता नियम एकच आहे, थांबण्याची वेळ शेवटचा माणूस पोचल्यापासून मोजायची आणि निघूया हा शब्द त्यानेच उच्चारायचा. दुसऱ्या कुणी उच्चारला तर कॉफी त्याच्याकडून. सुरुवातीला काही पोरं कुरकुरली, आमचे पाय गार पडतात म्हणे. मग त्यांना सांगितलं, पाय गार पडत असतील तर उलटं फिरा, मागे जा, शेवटच्याला भेटा आणि त्याच्याबरोबर परत चढा. दोन जण खरंच तसं करायला लागले, त्यांचं मायलेज वाढलं, ते खूश.

दुसरं, शेवटच्याच्या मागे एक पक्का माणूस पाहिजे. इकडे त्याला स्वीप म्हणतात. हे काम दर आठवड्याला बदललं पाहिजे आणि ते चांगल्या चालवणाऱ्याने करायचं, कारण मागे काही मोडलं तर दुरुस्त त्यालाच करायचंय. त्याने काय करायचं तर तीस-चाळीस फूट मागे राहायचं आणि गप्प बसायचं. अगदी चाकाला चाक लावून येऊन "घाई नाही हं, आरामात" असं दर मिनिटाला म्हणणारा स्वीप असतो ना, त्यापेक्षा एकटं असलेलं बरं. आणि जिथे वाट फुटते तिथे सगळ्यांनी थांबायचं, तिथे डोकी मोजायची. मोजताना चेहरे बघा बरं का. आम्ही एकदा नऊ मोजून निघालो आणि नंतर कळलं त्यातला एक दुसऱ्याच ग्रुपचा, हेल्मेट आमच्या माणसासारखं लाल. आमचा माणूस तिकडे मागे चेन लावत बसलेला.

तुमच्यापुरतं म्हणाल तर शनिवारी निघायच्या आधीच, गाडीपाशी, सगळे हेल्मेट घालत असताना सांगा, वर चढल्यावर दम लागलेला असताना नाही, तेव्हा ते रडगाणं वाटतं. सरळ म्हणा, मी आल्यावर मला तीन मिनिटं लागतात. एवढंच, कारण देऊ नका. आणि पहिल्या चढाला दुसऱ्या नंबरवर निघा, शेवटी नाही. मध्ये कुणी ओलांडून गेलं तर जाऊ दे, पण शेवटी पोचाल तेव्हा अंतर कमी असेल. हे करूनही झाकण उघडायच्या आत निघून गेले तर मग ग्रुप बदला, सायकल नका सोडू.

प्रश्न : रॅटलस्नेक आणि पॉइझन ओक. नवरा म्हणतो काही होत नाही. खरं सांगा.
– विंचू चावलेली, मूळ गाव वेंगुर्ला

उत्तर : दोन्ही आहेत, नवऱ्याला सांगा. साप साधारण एप्रिल ते ऑक्टोबर दिसतो, ऊन खायला ट्रेलवरच येऊन पडतो. आपल्या घोणसच्या लांबच्या नात्यातला. घोणस कुकरसारखी फुसफुसते, हा शेपटी वाजवतो, वाळलेल्या शेंगा हलवल्यासारखा आवाज, पण दर वेळी वाजवेलच असं नाही. दिसला तर थांबा, लांब उभे राहा, जाऊ द्या त्याला. मागच्यांना ओरडून सांगा. आणि धबधब्याच्या दगडांवर हात टेकायच्या आधी कुठे टेकतोय ते बघा. चावलाच तर कापणं नाही, चोखणं नाही, दोरी आवळणं नाही, बर्फ नाही. अंगठी घड्याळ काढा, माणसाला शांत बसवा, ९११ ला फोन.

खरा त्रास पॉइझन ओकचा. तीन-तीन पानांचा झुबका, चकचकीत, पुढे लाल होतो, आणि हिवाळ्यात पानं गळून नुसत्या काड्या राहतात तरी त्या काड्या लागतात. तुम्ही वेंगुर्ल्याच्या, तुम्हाला एका वाक्यात कळेल, हा बिब्ब्याच्या खानदानातला आहे. बिब्बा उततो तसा हा उततो. काजूच्या टरफलाचं तेल, आंब्याचा चीक, सगळं एकाच कुळातलं. लगेच काही होत नाही ही गंमत, एक-दोन दिवसांनी पुरळ येतं, तोपर्यंत ते तेल हातमोज्यावरून हँडलच्या ग्रिपवर, ग्रिपवरून गाडीच्या स्टिअरिंगवर, तिथून घरात. माझ्या बायकोला आलं होतं, ती कॅन्यनला आलीच नव्हती! त्यामुळे आल्या आल्या साबणाने हातपाय चोळून धुवा, कपडे वेगळे टाका, ग्रिप पुसा. ट्रेलच्या मधून चालवा आणि झाडीत सायकल आडवी टाकू नका.

प्रश्न : आमचा मुलगा सॅन डिएगोला असतो. आठवडाभर काम करून शनिवारी झोपायचं सोडून सकाळी आठला दरीत सायकल घेऊन जातो. तीन तास फोन लागत नाही. मी इकडे जागी. यांना काही नाही, हे घोरत असतात. तुम्हीच त्याला समजावा.
– एक आई, कोथरूड

उत्तर : काकू, नमस्कार. तो आठला निघतो तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे साडेआठ, परत येतो तेव्हा साडेअकरा. हिवाळ्यात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा तुमचे साडेबारा. म्हणजे तुमची झोप तुमच्या मुलापेक्षा जास्त बुडतेय.

दरीत जाऊ नको असं मी त्याला सांगणार नाही, सांगितलं तरी ऐकणार नाही, माझ्या आईचं मी ऐकलं नाही. पण फोन का लागत नाही ते सांगतो, दोन्हीकडे टेकड्या असल्याने खाली रेंज येते-जाते, फोन बंद म्हणजे काही झालंय असं नाही. त्याने दोन मेसेज करायचे. गाडीपाशी पोचला की "निघालो, अमुक वाजेपर्यंत येतो" आणि परत गाडीपाशी आला की "आलो". मधले फोन बंद, तुम्ही पण करायचे नाहीत. चालवताना खिशात फोन वाजला की माणूस बघतो आणि तेवढ्यात दगड येतो. आणि त्याच्याबरोबरच्या एकाचा नंबर घेऊन ठेवा. सांगितलेल्या वेळेच्या वर एक तास गेला तरच तो नंबर फिरवायचा. हे त्याच्याकडून कबूल करून घ्या, नाही म्हणाला तर मला कळवा, मग मी बोलतो. आणि काकांना उठवा अधूनमधून.

प्रश्न : सांधण दरीत माउंटन बाइक नेता येईल का? एक व्हिडिओ करायचाय.
– पुण्यातले पाच जण

उत्तर : नाही. साम्रदहून आत शिरलात की मोठाले धोंडे, मग कमरेपर्यंत पाणी, पुढे दोर लावून उतरायचे टप्पे. तिथे माणूसच मुश्किलीने जातो. सायकल चालवणार नाही, वाहणार, आणि मागून येणाऱ्या लोकांची वाट अडवणार. भंडारदऱ्याच्या आसपास मातीचे रस्ते कितीतरी आहेत, तिथे चालवा आणि सांधण पायी करा, पावसाळा सोडून.

प्रश्न : मागच्या महिन्यात धबधब्याच्या पुढे टायर बाजूने फाटला, बोटभर चीर. सीलंट (ट्यूबलेस टायरमधलं भोकं बुजवणारं पातळ) सगळं बाहेर. ट्यूब टाकली तर चिरेतून फुगा बाहेर यायला लागला. तीन मैल ढकलत आणली. काय करायला हवं होतं?
– ढकलगाडी, सोरेंटो व्हॅली

उत्तर : चिरेला आतून अस्तर लावायचं. काहीही चिवट आणि न ताणणारं चालतं, जुन्या टायरचा तुकडा, डॉलरची नोट दुमडून. आमच्यात एकाचा असाच फाटला तेव्हा नोट कुणाकडेच नव्हती, सगळे फोनने पैसे देणारे, पण माझ्या बॅगेत चितळेंच्या बाकरवडीचं पाकीट होतं. त्याचा हातभर तुकडा फाडला, चार घड्या घातल्या, आतल्या बाजूचं तेल शर्टाला पुसलं, टायरच्या आतून चिरेवर ठेवला, वर ट्यूब, आणि हवा नेहमीपेक्षा कमी भरली. टायर बसवताना घडी सरकू नये म्हणून एकाने बाहेरून अंगठ्याने दाबून धरायची. थोडी हवा भरायची, चीर बघायची, मग अजून थोडी. त्या तुकड्यावर तो गाडीपर्यंत आला, आणि आळशी असल्याने पुढचे दोन आठवडे तसाच चालवत होता.

पाकीट रिकामं करूनच फाडा. बाकरवड्या ग्रुपमध्ये फिरवा, आणि शेवटून सुरुवात करा, पुढचे आधीच खाऊन बसलेले असतात.